आवाज येता, चित्र जाता : होम थिएटरचा लपंडाव आणि आपला किनारा



आजचा विषय तसा घरातलाच आहे. टीव्ही, त्याला जोडलेलं होम थिएटर, आणि मधूनच दोन-चार सेकंदांसाठी गायब होणारं चित्र. मालवण, तारकर्ली, देवबाग, आचरा, वर देवगडपर्यंत ज्या घरांत आम्ही दुरुस्तीला जातो तिथे तक्रार एकाच वाक्यात ऐकू येते : "आवाज येता, चित्र जाता." आणि तिच्या पाठोपाठ दुसरं वाक्य येतं : "तुमी इलात की बरोबर चलता!"

हे दुसरं वाक्य आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. पार बंद पडलेला टीव्ही दुरुस्त करणं सोपं, कारण दोष समोर उभा असतो. मधूनच येणारा दोष पाहुण्यासमोर लाजतो. मग माणूस अंदाजाने वस्तू बदलायला लागतो. एका घरात आम्ही पोचलो तोवर दोन एचडीएमआय वायरी, एक सेट टॉप बॉक्स आणि टीव्हीचा आतला बोर्ड एवढं बदलून झालं होतं. दोष निघाला छपरावर, डिशच्या मागच्या बोटभर कनेक्टरमध्ये. आतली तार गंजून गेली होती. त्या घराचे हजारो रुपये गेले, आणि बदललेल्या वस्तूंपैकी एकही खराब नव्हती.

म्हणून आम्ही हल्ली पहिल्या भेटीत पेचकस बाहेर काढत नाही. वही ठेवायला सांगतो. चित्र गेलं की वेळ लिहायची, हवा कशी होती ते लिहायचं, आवाज चालू होता की तोही गेला, बॉक्सचा दिवा विझला का, आणि त्या क्षणी घरात दुसरं काय सुरू किंवा बंद झालं : फ्रिज, पाण्याचा पंप, मिक्सर. आठवडाभर. तुम्हाला वाटेल हे डॉक्टरने ताप लिहून ठेवायला सांगावं तसं झालं. तसंच आहे ते.

आता "चित्र गेलं" म्हणजे नक्की काय झालं? चित्र वेगवेगळ्या तऱ्हांनी जातं. त्याचे चौकोन चौकोन होतात, माणसाचा अर्धा चेहरा इकडे अर्धा तिकडे, आवाज तुटतो आणि चित्र गोठतं : हा डिशकडचा दोष, आकाशातून आलेली माहिती कमी पडली. पडदा एकदम काळा होतो, किंवा त्याआधी चित्रावर पांढरे ठिपके चमचमतात, आणि थोड्या वेळात सगळं परत जागेवर : हा बहुधा एचडीएमआय वायरीकडचा. बॉक्सचा दिवा विझून तो पहिल्यापासून सुरू होतो : हा विजेचा. आणि पडद्यावर गोल चकती फिरत राहते ते इंटरनेट, त्यावर आज बोलत नाही.

डिशपासून सुरुवात करू, कारण पावसाळ्यात नव्वद टक्के शिव्या तिलाच बसतात आणि त्यातल्या अर्ध्या तिच्या वाट्याच्या नसतात.

उदाहरणाला डीडी फ्री डिश घ्या. दूरदर्शनने ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू केली. तिची चित्रं जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. हा उपग्रह विषुववृत्तावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मालवणातून बघितलं तर तो आग्नेयेला येतो, आणि क्षितिजापासून साधारण ६० अंश वर. म्हणजे बराच डोक्यावर. पण अंगणातली डिश पाहिली तर ती एवढं वर बघतेय असं वाटत नाही. आपल्या छोट्या डिशचा एलएनबी मधोमध नसतो, खालून निघालेल्या दांड्यावर असतो, त्यामुळे डिशचं तोंड दिसतं त्यापेक्षा तिची नजर वीस-पंचवीस अंश वर असते. इथेच लोक फसतात. "समोर काय पण नाय, सगळा मोकळा आसा" म्हणतात, आणि समोर खरंच काही नसतं. वर बघा. आग्नेयेचा माड चार वर्षांत वाढलेला असतो, आणि वारा सुटला की झावळ्या बरोबर नजरेच्या आड येतात. वारा थांबला की चित्र परत. अशा घरात वहीतल्या नोंदींत पाऊस असेलच असं नाही, वारा मात्र प्रत्येक वेळी असतो.

पावसाचं गणित वेगळं. या लहरी साधारण अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात, आणि मोठ्या थेंबांचा दाट पाऊस त्या शोषतो आणि विखुरतो. आपल्या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा जोराच्या सरीत चित्र जाणं हा दोष नव्हे, तो आपला हवामानाचा कर आहे. अमेरिका असो की मलेशिया, या पट्ट्यात काम करणाऱ्या सगळ्या डिशना तो भरावा लागतो. गंमत अशी की आपली डिश आग्नेयेकडे तिरकी बघते, त्यामुळे तिच्या वाटेत येणारा पाऊस नेमका घरावर नसतो, दोन-तीन किलोमीटर आत, घाटाच्या दिशेला असतो. सर समुद्रावरून येते, आपल्यावर कोसळते, आत सरकते. अंगणात पाऊस थांबला तरी चित्र पाच मिनिटं येत नाही ते त्यामुळे.

पण पाच मिनिटंच. ही खूण वहीत सापडली पाहिजे. सर गेल्यावर काही मिनिटांत चित्र आलं तर दोष ढगाचा. सर जाऊन दोन तास झाले, ऊन पडलं, मग चित्र आलं, तर पाणी वायरीत शिरलंय. आणि रिमझिम पावसातही चित्र जात असेल तर डिश हललेली असण्याचा संशय घ्या. ६० सेंटिमीटरच्या डिशची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते. एखादा अंश सरकली तरी कोरड्या हवेत चित्र ठीक दिसतं, फक्त पावसासाठी राखलेली शिल्लक संपलेली असते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यालगत गेलं. कितीतरी घरांत दिवसचे दिवस लाईट नव्हती. ती परत आल्यावर टीव्ही लागले, चित्रं स्वच्छ दिसली, सगळ्यांनी हुश्श केलं. आणि जूनमध्ये तक्रारी सुरू झाल्या की यंदाचा पाऊस चित्राला फार त्रास देतोय. पाऊस नेहमीचाच होता. खांब वाकला होता.

एक छोटी गोष्ट इथेच सांगून टाकतो. वर्षातून दोनदा, मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबरच्या शेवटी, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. या उपग्रहासाठी आपल्याकडे ही वेळ सकाळी अकराच्या आसपासची. स्वच्छ ऊन असताना काही मिनिटं चित्र जातं, चार-सहा दिवस रोज जातं, आणि आपोआप थांबतं. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

आता मीठ. हा आपल्या किनाऱ्याचा खास भाग, आणि पुण्या-मुंबईहून फोनवर सल्ला देणाऱ्या भाच्याला तो माहीत नसतो.

खारा वारा फक्त ओला नसतो, तो प्रत्येक वस्तूवर मिठाचा सूक्ष्म थर ठेवून जातो. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतः पाणी ओढून घेऊन विरघळतं. मिठाची बरणी पावसाळ्यात कशी पाझरते ते आठवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा त्या आकड्याच्या वरच असते. म्हणजे घरात एक थेंब पाणी न गळताही प्रत्येक कनेक्टरवर खाऱ्या पाण्याची पातळ साय असते. आणि डिशच्या वायरीतून नुसता सिग्नल जात नाही, एलएनबीला चालवणारी १३ किंवा १८ व्होल्टची वीजही जाते. खारं पाणी, तांबं आणि एकाच दिशेने वाहणारी वीज : तार खाऊन टाकायला याहून चांगली सोय नाही. स्वस्त वायरीत मधली तार आतून पोलादी आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेली असते. मुलामा गेला की पोलाद गंजतं. कापून बघितलं तर आधी हिरवं, मग तांबूस दिसतं.

या गंजाची आणखी एक खूण आहे. ज्या सेवेत काही चॅनेलांसाठी बॉक्स १३ व्होल्ट पाठवतो आणि काहींसाठी १८, तिथे गंजलेल्या सांध्यात थोडी वीज वाया गेली की १८ ची जागा धड १८ राहत नाही, आणि चॅनेलांचा एक गटच्या गट गायब होतो. बाकीची मजेत चालतात. असं दिसलं तर बॉक्सला दोष देण्याआधी छपरावर जा.

उपाय साधा आहे. वायरीचं टोक चांगली तार लागेपर्यंत कापायचं, नवा कनेक्टर दाबून बसवायचा, आणि त्यावर स्वतःला स्वतः चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळायची. साधी काळी टेप एका उन्हाळ्यात सुटते. सिलिकॉन लावणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारा घेऊ नका, त्यातलं आम्ल तांब्याला खातं. आम्ही तो लावलेला कनेक्टर न लावलेल्यापेक्षा वाईट झालेला पाहिला आहे. वायर घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकेल, भिंतीतून टीव्हीपर्यंत येणार नाही.

हेच मीठ घरातही काम करतं. एचडीएमआयच्या तोंडात १९ बारीक संपर्क असतात, त्यांवरचा सोन्याचा मुलामा इतका पातळ की त्यात सुया टोचल्यासारखी छिद्रं असतात. त्यातून मीठ खाली तांब्यापर्यंत पोचतं. "वायर काढून परत लावलंय की चार दिवस बरा चलता" असं कोणी म्हणालं की आम्ही खूश होतो, कारण निदान झालेलं असतं. काढता-घालताना संपर्क घासला गेला आणि तात्पुरता साफ झाला. सगळे प्लग भिंतीतून काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, वाळू द्यायचा. तरी महिन्याभरात परत झालं तर ती वायर बदलायची.

एचडीएमआयचं चित्र अचानक काळं का होतं, हळूहळू खराब का होत नाही? जुन्या अँटेनाला सवय झालेली माणसं हा प्रश्न विचारतात, आणि तो बरोबर आहे. जुन्या चित्रात आधी मुंग्या यायच्या. इथे माहिती आकड्यांत जाते; थोड्या चुका झाल्या तर ठिपके चमकतात, जास्त झाल्या तर जोडणीच तुटते. शिवाय नक्कल होऊ नये म्हणून बॉक्स आणि टीव्ही या वायरीवरून एकमेकांची ओळख पटवत असतात, एचडीसीपी म्हणतात त्याला, आणि ही तपासणी दर काही सेकंदांनी चालू असते. एकदा चुकली की दोघं पहिल्यापासून ओळख करून घेतात. तो काळा पडदा म्हणजे त्यांचं "तू कोण, मी कोण" चाललेलं असतं.

आता "आवाज येता, चित्र जाता" या वाक्याकडे परत येऊ. तुमची जोडणी बॉक्सकडून रिसीव्हरला, म्हणजे होम थिएटरच्या मुख्य डब्याला, आणि तिथून टीव्हीला अशी असेल, आणि आवाज अखंड चालू असेल, तर रिसीव्हरपर्यंत सगळं नीट पोचतंय. संशय शेवटच्या वायरीवर. आवाजही गेला तर संशय आधीच्या टप्प्यावर, जरी काही रिसीव्हर टीव्हीशी ओळख तुटल्यावर आवाजही क्षणभर बंद करतात. बॉक्स थेट टीव्हीला आणि टीव्हीकडून आवाज होम थिएटरला, अशी उलटी जोडणी असेल तर निष्कर्षही उलटा : चित्र जाऊन आवाज राहिला तर वायर ठीक आहे, टीव्हीच आजारी. पडदा काळा असताना मोबाईलची बॅटरी जवळून मारा. मागे अंधूक चित्र हलताना दिसलं तर फक्त टीव्हीतला उजेड विझलाय.

खात्रीसाठी रिसीव्हर दोन दिवस बाजूला ठेवून बॉक्स थेट टीव्हीला लावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर कशाने गेला ते कळत नाही, आणि तो परत आला की तुम्ही पहिल्या पायरीवर.

वायरीच्या लांबीचं थोडक्यात. साध्या एचडी चित्राला सेकंदाला साडेचार गिगाबिटच्या आसपास माहिती लागते; फोर-केचं सेकंदाला ६० चित्रांचं प्रक्षेपण जवळपास १८ पर्यंत जातं. जुनी दहा मीटरची वायर पहिल्याला पुरायची, दुसऱ्याला धापा टाकते. टीव्ही नवा घेतला आणि वायर जुनीच ठेवली, अशा घरांत हे हमखास. सेटिंगमध्ये चित्र एचडीवर आणा. दोष थांबला तर वायरच कमी पडतेय. पाच-सात मीटरच्या पुढे काचेच्या तंतूची एचडीएमआय वायर घ्या, आणि तिच्या टोकांवर कुठलं बॉक्सकडे, कुठलं टीव्हीकडे ते लिहिलेलं असतं ते वाचा. उलटी लावली तर चित्र येतच नाही.

उष्णतेचं त्याहून थोडक्यात. बरोबर अर्ध्या-पाऊण तासाने चित्र जात असेल तर रिसीव्हर काचेच्या शोकेसमधून बाहेर काढा. आत एकदा बघाही. मुंग्यांना आणि पालींना ही उबदार जागा फार आवडते.

यापुढचा भाग मात्र जरा नीट ऐका.

वहीत "फ्रिज बंद झाला तेव्हा", "पंप सुरू केला तेव्हा" अशा नोंदी निघाल्या तर दोष विजेच्या जोडणीत आहे. मोटर सुरू-बंद होताना वायरिंगमध्ये झटका उठतो, तो एचडीएमआयच्या बाहेरच्या जाळीवरून धावतो आणि ओळख तुटते. कोरड्या हवेच्या देशांत माणूस खुर्चीवरून उठला तरी स्थिर विजेने असं होतं. आपल्याकडे ओलाव्यामुळे ते सुख नाही, पण पंप आहे. टीव्ही एका खोलीतल्या बोर्डावर, रिसीव्हर दुसऱ्या, आणि डिश छपरावर स्वतंत्र, अशी मांडणी असली की तिघांच्या अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि तो फरक चित्राच्या वायरीतून वाट काढतो.

आपल्याकडे अर्थिंग ऋतूप्रमाणे बदलतं. जांभ्यात पाणी टिकत नाही, देवबागसारख्या खाडी आणि समुद्राच्या मधल्या वाळूत लोखंडी पाईप गंजतो. पावसाळ्यात जमीन ओली असते तेव्हा सगळं ठीक. एप्रिल-मेमध्ये खड्डा सुकतो, आणि पावसात न दिसणारा दोष उन्हाळ्यात उगवतो. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायची जुन्या माणसांची सवय वेडगळ नव्हती.

आता, काही जण काय करतात? थ्री-पिनची वरची जाड पिन तोडतात, किंवा टू-पिनचा अडॅप्टर लावतात. आणि चित्र सुधारतंही! घुर्र आवाजही जातो. हा उपाय अनेक वायरमन सुचवतात, आम्ही तो बऱ्याच घरांत पाहिला आहे. कृपा करून करू नका. रिसीव्हरचं आणि वूफरचं धड पत्र्याचं असतं. आत वीज फुटली तर ती पिनेतून जमिनीत जाऊन फ्यूज उडायला हवा. पिन नसेल तर ती पत्र्यावर बसून राहते, आणि तिथेच थांबत नाही : एचडीएमआयच्या जाळीवरून बॉक्सला, बॉक्सवरून डिशच्या वायरीच्या जाळीवर, तिथून छपरावरच्या खांबापर्यंत. आणि त्या खांबाला हात कोण लावतं? पावसात चित्र गेलं म्हणून ओल्या कौलांवर चढलेला घरातला मुलगा.

पिन ठेवा, मांडणी बदला. टीव्ही, बॉक्स, रिसीव्हर, वूफर एकाच बोर्डावरून चालवा. पंप आणि फ्रिज दुसऱ्या सर्किटवर. डिशचा खांब घराच्याच अर्थिंगला जोडून घ्या. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा गळती-स्विच नसेल तर होम थिएटरआधी तो घ्या, आणि असेल तर महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. वायरी जोडताना-काढताना प्लग भिंतीतून बाहेर हवेत. टू-पिन उपकरणांच्या धडावर किंचित झिणझिण्या येतात ना, तेवढ्यानेही एचडीएमआयचं तोंड अर्धवट जळतं, आणि मग वर्षभर मधूनच येणारा दोष विकत घेतल्यासारखं होतं. मे महिन्यातल्या आणि ऑक्टोबरच्या विजांच्या वेळी नुसता स्विच बंद करून भागत नाही, डिशची वायरही बॉक्समधून काढायची.

इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं. ते दुसऱ्या बाजूला असलं तर लाईट जाता-येता बॉक्स पुन्हा सुरू होतो. आणि टीव्ही इन्व्हर्टरवर पण रिसीव्हर नाही, अशीही घरं आहेत. तिथे कोणाचाच दोष नसतो.

मागून प्रश्न आलाय की घर अकरा महिने बंद, गणपतीला उघडतात आणि पहिल्याच संध्याकाळी टीव्ही नखरे करतो, त्याचं काय. चाकरमान्यांच्या घरांतून आम्हाला सर्वांत जास्त फोन त्याच आठवड्यात येतात, आणि त्या आठवड्यात आम्हीही घरी आरतीला असतो. तर जाताना सगळ्या वायरी काढून, बॉक्स आणि रिसीव्हर पुसून, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. टीव्हीवर प्लास्टिक घट्ट बांधू नका, आत ओल कोंडते. सुती चादर बरी. आल्यावर लगेच स्विच लावू नका. दारं-खिडक्या उघडा, पंखा एक दिवस चालू द्या, कनेक्टर साफ करा, मग जोडा. आणि छपरावर चढायचं ते पाऊस थांबल्यावर, मेन स्विच बंद करून, खाली कोणीतरी उभं असताना.